दहा अँपियरचा माणूस

आपलं काम चोख बजावल्याबद्दल शिव्या खाणारी वस्तू घरात एकच असते. ती म्हणजे फ्यूज. पंखा फिरला म्हणून आपण त्याला शाबासकी देत नाही, पण निदान शिव्याही घालत नाही. नळाला पाणी आलं तर नळाला कोणी नावं ठेवत नाही. फ्यूजचं मात्र उलटं. तो वर्षानुवर्षं भिंतीवर गप्प बसलेला असतो तोवर त्याची आठवण कोणालाही नसते. आणि ज्या कामासाठी तो जन्माला आला ते काम तो ज्या क्षणी करतो, म्हणजे स्वतः वितळून घराची वायर वाचवतो, त्या क्षणी घरातला कर्ता पुरुष अंधारात स्टुलावर चढून म्हणतो, "च्यायला, आजच उडायचं होतं याला!"

मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणाने बी. कॉम. आहे. तेव्हा वीज आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांवर बोलायचा मला सारखाच अधिकार आहे. पण फ्यूज हा मुळात नीतिशास्त्राचा विषय असून चुकून इलेक्ट्रिशियनच्या हाती पडला आहे, असं माझं अलीकडे पक्कं मत झालं आहे. या मताला कारण माझा मेव्हणा आणि त्याचं पिनबॉल.

मेव्हणा शिकागोच्या एका उपनगरात राहतो. तिकडे घराला तळघर असतं आणि तळघराचं करायचं काय हा प्रश्न घरमालकाला असतो. आपल्याकडे हा प्रश्न पडत नाही. आपण पलंगाखालीच तळघर करतो. मेव्हण्याने तळघरासाठी १९८०च्या दशकातलं एक जुनं पिनबॉलचं यंत्र विकत घेतलं. त्यात गावाचा गुण आहे. पुण्याला जशी बाकरवडी, तसं शिकागोला पिनबॉल. गॉटलिब, बॅली, विल्यम्स ही या धंद्यातली मोठमोठी घराणी सगळी शिकागोचीच.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत खिळे ठोकलेल्या लाकडी पाटीवर काठीने गोटी ढकलायचा जो बॅगाटेल आपण खेळायचो, त्याचा हा अमेरिकेत जाऊन अंगाने सुटलेला वंशज. काचेखाली साडेसहा-एक अंशांनी उतरती पाटी, तिच्यावर ऐंशी ग्रॅमचा पोलादी गोळा, जागोजागी घंटा, खांब, बोगदे, रंगीत दिवे, आणि तळाशी गोळा परत वर उडवायला दोन चपट्या दांड्या. त्यांना फ्लिपर म्हणतात. हे फ्लिपर १९४७ साली आले. त्याआधी गोळा सोडायचा आणि नशिबाकडे बघत बसायचं. म्हणून न्यू यॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ साली हा खेळ जुगार ठरवून बंद केला आणि यंत्रं घणाने फोडून टाकली. ती बंदी उठली १९७६ साली. रॉजर शार्प नावाच्या गृहस्थांनी नगरपालिकेच्या लोकांसमोर यंत्र मांडून, आता गोळा अमुक वाटेने जाईल असं आधी सांगून, खरोखर त्या वाटेने घालवून दाखवला. पिनबॉल आणि नीती यांचा संबंध असा जुना आहे.

यंत्राच्या पोटातसुद्धा नीतीची सोय असते. खेळणाऱ्याने यंत्राला फार हिसके दिले तर आत टांगलेला एक ओळंबा भोवतीच्या कड्याला टेकतो, 'टिल्ट' अशी पाटी लागते आणि तो गोळा बाद होतो. म्हणजे टिल्ट हे खेळणाऱ्याच्या गैरवर्तनाचं मोजमाप झालं. यंत्राच्या स्वतःच्या गैरवर्तनाचं मोजमाप म्हणजे फ्यूज.

एका रविवारी सकाळी साडेनऊला मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल आला. हिवाळ्यात आपल्यात आणि शिकागोत साडेअकरा तासांचा फरक असतो, म्हणजे तिकडे शनिवारची रात्र होती.

"भावोजी, ताई म्हणाली घरचे फ्यूज तुम्हीच बघता. माझ्या पिनबॉलचे दिवे गेलेत. गोळा चालतो, फ्लिपर चालतात, गुण मोजले जातात. फक्त पाटीवरचे साधे दिवे बंद. अंधारात खेळायला लागतंय."

आमच्या बँकेचा कारभारही पुष्कळदा असाच चालत असल्यामुळे मला यात बिघाड काय तो चटकन कळेना. मग त्याने समजावून सांगितलं. पाटी उजळायला जे सगळे साधे दिवे असतात, त्यांची सहा व्होल्टच्या आसपासची वेगळी लाइन असते आणि त्या लाइनला स्वतःचा वेगळा फ्यूज असतो. तो उडाला की खेळ चालू राहतो, उजेड जातो.

"मग नवीन फ्यूज बसव."

"दोन बसवले. दोन्ही उडाले. इथे पाच अँपियरचा लिहिलाय. माझ्याकडे डबीत दहाचा एक आहे. तो ठोकून देऊ का?"

इथे वीज संपते आणि नीतिशास्त्र सुरू होतं.

दहाचा बसवला तर दिवे लागतील का? बहुतेक लागतील. निदान काही वेळ. मग पुढच्या खेपेला फ्यूज उडणार नाही हेही खरं. त्याच्याऐवजी वायर तापेल, वायरवरचं प्लॅस्टिक वितळेल, कनेक्टर काळा पडेल किंवा ट्रान्सफॉर्मर भाजून निघेल. तिकडची घरं लाकडाच्या सांगाड्याची. तेव्हा पुढचा फ्यूज म्हणजे मेव्हण्याचं घर.

हा मोह काही एकट्या मेव्हण्याचा नाही. आपल्याकडे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज होते तेव्हा बारीक फ्यूजवायर सतत जाते म्हणून तिथे जाड तांब्याची तार पिळून बसवणारा मनुष्य प्रत्येक चाळीत एक तरी असे, आणि त्याला इलेक्ट्रिकमधलं कळतं अशी त्याची ख्याती असे. अमेरिकेतल्या जुन्या घरांत स्क्रूचे फ्यूज असत. तिथले लोक उडालेल्या फ्यूजच्या मागे एका सेंटचं तांब्याचं नाणं सरकवून देत. आगी दोन्हीकडे लागत. पूर्व आणि पश्चिम कधी भेटत नाहीत असं म्हणणाऱ्याने फ्यूजबॉक्स उघडून पाहिलेला नसावा.

आता यातली मुद्द्याची गोष्ट अशी की फ्यूज नसलेलं सर्किट जगात नाही. तुम्ही फ्यूज काढून तिथे सळई बसवलीत तरी फ्यूज नाहीसा होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. सळईच्या पलीकडे जी कोणती वस्तू सगळ्यांत नाजूक असेल ती त्या दिवसापासून फ्यूज होते. तिला कोणी विचारलेलं नसतं. तिच्यावर अँपियर लिहिलेले नसतात. २७ जानेवारी १९८६च्या रात्री 'चॅलेंजर' यानाच्या रॉकेटवाल्या कंपनीतले इंजिनिअर सांगत होते की इतक्या थंडीत सांध्यातल्या रबरी कड्या नीट बसणार नाहीत, उड्डाण पुढे ढकला. वरिष्ठांनी ते बोलणं बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी यान उडालं आणि ७३ सेकंदांनी फुटलं. आदल्या रात्रीचा फ्यूज चालू दिला असता तर एक तारीख चुकली असती. त्याच्या जागी सात माणसं गेली.

मेव्हण्याला मी एवढं सगळं काही सांगितलं नाही. त्याच्या भाचीची परीक्षा जवळ आलेली असल्याने मागून हिचे डोळे माझ्यावर रोखलेले होते. मी एवढंच म्हटलं, "अरे, दहाचा राहू दे. उडालेले दोन्ही फ्यूज कॅमेऱ्यासमोर धर."

उडालेल्या काचेच्या फ्यूजचं शवविच्छेदन करता येतं. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर तो अपमृत्यू. कुठेतरी थेट शॉर्ट आहे आणि तार एका दणक्यात वाफ होऊन गेली आहे. काच स्वच्छ असून तार मधेच वाकून हळूच तुटली असेल तर तो अतिश्रमाचा बळी. हा हिशेब तर माझ्या आवाक्यातला होता. या यंत्रांत ४७ नंबरचा बल्ब साधारण ०.१५ अँपियर खातो आणि दिसायला तसाच असलेला ४४ नंबरचा ०.२५. लाइनवर वीस बल्ब धरले तर ४७चे मिळून तीन अँपियर होतात आणि ४४चे पुरे पाच. कोणीतरी जास्त उजेडाच्या हौसेने बल्ब बदलले की पाचचा फ्यूज रोज गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहतो आणि एक दिवस बुडतो. एका काउंटरवर तीन काउंटरांची रांग लावली की आमच्याकडे जे होतं, तेच.

पण मेव्हण्याच्या दोन्ही काचा काळ्याकुट्ट होत्या. म्हणजे शॉर्टच.

आता शॉर्ट शोधायचा तर वीज चालू हवी, आणि वीज चालू केली की फ्यूज जातो. दर शंकेला एक फ्यूज बळी द्यायचा तर दुकानदाराचं कल्याण. यावरचा तोडगा आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मी शाळेत असल्यापासून पाहिलेला आहे. त्याच्या टेबलावर एक लाकडी पट्टी असे आणि तिच्यावर एक बल्ब. दुरुस्तीला आलेला रेडिओ तो कधीही थेट प्लगमध्ये घालत नसे, आधी त्या बल्बमधून घाली. सिरीज बोर्ड म्हणतात त्याला. रेडिओत शॉर्ट असला की बल्ब भक्कन पेटे, आणि रेडिओ जळायचा राही. म्हणजे फ्यूज करतो तेच काम, पण मरायचं नाही. उलट प्रकाशायचं.

मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये मोटारीचा जुना बल्ब होता. यंत्राचा प्लग भिंतीतून काढून त्याने तो बल्ब फ्यूजच्या जागी दोन वायरींनी जोडला. मग पाटीवरचे सगळे छोटे दिवे उपटून काढले. आता वीज खाणारं कोणीच उरलं नाही, तेव्हा मोटारीचा बल्ब विझलेला राहायला हवा. प्लग लावला. बल्ब विझलेलाच होता.

"भावोजी, शॉर्ट गेला!"

"गेला नाही. तू पाटी उचलून धरली आहेस. ती खाली कर."

पाटी खाली केली आणि बल्ब ढणढणीत पेटला. उचलली, विझला. खाली केली, पेटला. मला हसू आवरेना. ऑडिटर आला की आमची शाखाही अशीच सुतासारखी सरळ होते. कपाटं उघडून बघणाऱ्याला काही सापडत नाही, आणि त्याची टॅक्सी कोपऱ्यावर वळली की सगळं पुन्हा जागच्या जागी टेकतं.

पुढचं काम चिकाटीचं. एक एक कनेक्टर सोडवायचा, पाटी खाली करायची, बल्ब विझला का बघायचं. दर वेळी हात घालण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढायचा, कारण आतल्या सगळ्याच लाइनी सहा व्होल्टच्या नसतात. अर्ध्या भागात नाही म्हणजे उरलेल्या अर्ध्यात. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. तेरीज जुळत नसली की आम्ही याच रीतीने फरक शोधतो. तिकडे मध्यरात्र होऊन गेल्यावर सापडलं. एका बल्बच्या होल्डरची पत्र्याची जिभली वाकलेली होती, आणि पाटी खाली आली की वायरींचा जुडगा तिला शेजारच्या उघड्या तारेवर टेकवत होता. बोटाने जिभली सरळ केली, इन्सुलेशन टेप लावली. खर्च शून्य. पाच अँपियरचा फ्यूज बसवला, तो आजतागायत आहे.

त्या रविवारी दिवसभर माझ्या डोक्यात पिनबॉल नव्हतं. डोक्यात होते काका.

काका म्हणजे आमच्या जुन्या शाखेतले एक वयस्कर सहकारी. सगळी शाखा त्यांना काकाच म्हणे. बँकेत जी रक्कम कोणाची ते कळत नाही ती सस्पेन्स खात्यात जाते. एका पेन्शनर बाईंच्या थकबाकीचे चौदा हजार तीनशे रुपये खातेक्रमांकातला एक आकडा चुकल्यामुळे तिथे जाऊन बसले होते. बाई दर महिन्याला यायच्या, बाकावर बसायच्या, पासबुक भरून घ्यायच्या, त्यावरून बोट फिरवायच्या आणि जायच्या. सस्पेन्समधली नोंद फार म्हातारी झाली की वरून विचारणा होते. त्यामुळे शाखेत एक सोपी रीत पडली होती. तिमाही संपत आली की जुनी नोंद उलटवायची आणि नव्या तारखेने पुन्हा टाकायची. नोंद तीच, जन्मतारीख नवी. काकांनी एका तिमाहीला त्या व्हाउचरवर सही करायला नकार दिला. "कोणाचे पैसे आहेत ते शोधू या, मग करतो सही," म्हणाले. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही.

महिन्याभरात काकांची बदली झाली. कारण 'प्रशासकीय'. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनीही तोच प्रश्न विचारला. त्यांचीही बदली झाली. तिसरे गृहस्थ आले, ते मात्र सही करणारे निघाले. त्यांना पुढे बढती मिळाली. दहा अँपियरचा माणूस. शाखा सुरळीत चालू लागली. न जुळलेली रक्कम सस्पेन्समध्ये आणि ती दाखवणारा माणूस सस्पेन्शनच्या उंबरठ्यावर, अशी दोन्ही खाती नीट जुळली.

आमचे मॅनेजर काही दुष्ट नव्हते. त्यांच्यावर वरून दाब होता, आणि त्यांच्या वरच्यांवर त्यांच्या वरून. खेळ चालू राहिला पाहिजे एवढंच त्यांचं म्हणणं. पण काकांना काढल्यावर त्या सर्किटमध्ये फ्यूज कोण उरलं, हे कोणीच पाहिलं नाही. उरल्या त्या बाकावर बसलेल्या बाई. सगळ्यांत नाजूक वस्तू तीच होती. आम्ही एकाचं उडणं टाळलं नव्हतं, ते काउंटरच्या पलीकडे ढकललं होतं. पुढे एका तपासणीत ती नोंद वर आली आणि बाईंना पैसे मिळाले. तोवर तीन वर्षं गेली होती. काकांना बँकेने ते कळवायचं काही कारण नव्हतं, म्हणून मी फोन केला. "मिळाले ना? झालं तर," म्हणाले, आणि तिकडच्या शाखेत पाऊस किती पडतो ते सांगत बसले.

आता कोणी म्हणेल की ऊठसूट उडणारी माणसंही असतात, त्यांचं काय? असतात ना. आमच्या सोसायटीत अर्ध्या अँपियरचे एक सभासद आहेत. जिन्यात कोणी शिंकलं तरी त्यांचा फ्यूज जातो. तेव्हा फ्यूज योग्य आकड्याचा हवा हे मला मान्य आहे. पिनबॉलच्या दिव्यांना 'स्लो-ब्लो' जातीचा फ्यूज लावतात. यंत्र सुरू होताना क्षणभर येणारा लोंढा तो सोसतो, पण लोंढा टिकून राहिला की जातो. श्रीकृष्ण हा शिशुपालाच्या बाबतीत स्लो-ब्लो होता. शंभर अपराध सोसले, शंभर एकावा सोसला नाही. सोसायचं किती आणि कुठून पुढे नाही, हा आकडा आधी ठरवून त्यावर टिकणं याला मी चारित्र्य म्हणतो. काकांचा आकडा ठरलेला होता. आम्हा बाकीच्यांचा, दाब येईल तसा वाढत जाणारा.

पण खरा प्रश्न याच्याही पुढचा आहे. फ्यूजमध्ये स्वस्तातली वस्तू मुद्दाम जळायला ठेवलेली असते, महाग वस्तू वाचावी म्हणून. यंत्राला हे शोभतं. माणसाला कसं शोभेल? एवढ्या तेवढ्या किमतीचा माणूस कुठून आणायचा? आणि आपण तर फ्यूजचा अर्धाच धर्म पाळतो. कचेरीत काही बिघडलं की कनिष्ठ माणूस उडवतो आणि चौकशी संपली असं जाहीर करतो. खरं म्हणजे फ्यूज उडतो तो चौकशी सुरू व्हावी म्हणून. उडालेल्याकडे बोट दाखवून पाटी बंद करणारा आणि उडालेल्याला हातात घेऊन पाटी उघडणारा, यांच्यात जो फरक आहे तेवढीच नीती मला समजते.

म्हणून मला त्या रेडिओवाल्याच्या बल्बचा फार आदर वाटू लागला आहे. शॉर्ट त्याच्या अंगावर येतो, तो पेटतो, सगळ्यांना दिसतो, आणि जळत नाही. प्रत्येक कचेरीत, प्रत्येक घरात, पानात वाढलेलं काय बिघडलंय ते सांगणाऱ्याला अशी एक जागा हवी, की त्याने बोलावं आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर त्याचा चहा यावा. काकांना ती जागा मिळाली असती तर बाईंची तीन वर्षं वाचली असती, आणि बँकेचा खर्च बोटाने जिभली सरळ करण्याइतकाच आला असता.

तोवर निदान एवढं करता येईल. तुमच्या ओळखीत कोणी उडालं, तर त्याला नावं ठेवण्यापूर्वी काच उजेडात धरून बघा. काळी आहे की नुसती तार तुटली आहे? दणका बसलाय की ओझं झालंय? आणि त्याच्या जागी दहा अँपियरचा माणूस आला, तर त्याचं स्वागत जरूर करा, पेढेही खा. पण सगळं एवढं सुरळीत चालू असताना पलीकडच्या बाकावर कोण तापतंय, तेही जरा बघून ठेवा.